मांस-कारखान्यातील काम आणि हातांची काळजी

अमेरिकेत नेब्रास्का, आयोवा, कॅन्सस, अर्कान्सा या राज्यांत मांस कापून पॅक करणारे मोठमोठे कारखाने आहेत. आपल्यापैकी किंवा आपल्या ओळखीतले कुणी तिथे लाइनवर किंवा सुपरवायझर असेल, म्हणून ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

इजा का होते?
पट्टा थांबत नाही आणि तोच काप दिवसभर घ्यावा लागतो. सुरी उजव्या हातात असेल, तर मांस धरणारा डावा हातच बहुधा कापला जातो. थंडीने बोटे बधिर होतात, चरबीने मूठ निसरडी होते. बोथट सुरीला जास्त जोर लागतो आणि ती निसटते. म्हणून धार वरचेवर लावून घ्यावी.

हातमोजे
स्टीलच्या कड्यांचा जाळीदार हातमोजा धार अडवतो, पण सुरीचे टोक त्यातून घुसू शकते. चालू बँडसॉजवळ तो घालू नये. जाळी पात्यात अडकून हात ओढला जातो. मशीन साफ करण्यापूर्वी वीज तोडून स्विचला कुलूप लावावे. सुरक्षेच्या बहुतेक साधनांचा खर्च 2008 पासून मालकानेच करायचा आहे.

कापल्यास
- स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा.
- बोट तुटले तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका. लगेच 911 ला फोन करा.
- जखम लहान असूनही बोट वाकत नसेल किंवा बधिर असेल, तर आतली टेंडन किंवा नस कापलेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.
- धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन कधी घेतले, तेही सांगा.

आपले हक्क
इजा त्याच दिवशी लेखी कळवा आणि प्रत ठेवा. भरपाईचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. टेक्ससमध्ये खाजगी मालकाला हा विमा घेणे सक्तीचे नाही. बोट तुटल्यास मालकाने 24 तासांत ओशाला कळवावे, असा फेडरल नियम 2015 पासून आहे. इजा कळवली म्हणून कामावरून काढले, तर ओशाकडे 30 दिवसांच्या आत तक्रार करावी लागते. फोन: 1-800-321-6742.

नोकरी जाईल या भीतीने चिंधी बांधून काम करत राहू नका. उशिरा दाखवलेल्या जखमेने बोट कायमचे आखडू शकते, आणि न कळवलेल्या इजेची भरपाई मिळणे अवघड होते.