घड्याळांच्या चमकत्या तबकड्या आणि 'रेडियम गर्ल्स'

पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांना अंधारातही वेळ पाहता यावी, यासाठी स्वयंप्रकाशी तबकड्यांच्या घड्याळांची मागणी एकाएकी वाढली. मेरी आणि पिएर क्यूरी यांनी १८९८ साली शोधलेल्या रेडियमने ती भागविली. रेडियमचा अत्यल्प अंश जस्ताच्या सल्फाइडमध्ये मिसळला असता, किरणोत्सर्गामुळे ते मिश्रण सतत हिरवट प्रकाश देत राहते. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज शहरात १९१७ साली असा रंग वापरून तबकड्या रंगविण्याचा कारखाना सुरू झाला. तो चालविणारी कंपनी पुढे 'युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशन' या नावाने ओळखली जाऊ लागली. रंगाचे व्यापारी नाव होते 'अनडार्क'.

या कामावर प्रामुख्याने तरुण मुली होत्या. काहींनी तर वयाची पंधरा वर्षेही ओलांडलेली नव्हती. मजुरी तबकड्यांच्या संख्येवर मिळे. आकडे अत्यंत बारीक असल्याने ब्रशचे टोक सुईसारखे अणकुचीदार असणे आवश्यक होते. त्यासाठी ब्रश ओठांत धरून टोक काढावे, रंगात बुडवावे आणि रंगवावे, अशी पद्धत मुलींना शिकविण्यात आली होती. प्रत्येक वेळी रंगाचा कण पोटात जाई. हा रंग निरुपद्रवी असल्याचे त्यांना सांगण्यात येत असे. त्या काळी रेडियमयुक्त पाणी शक्तिवर्धक म्हणून विकले जात होते, त्यामुळे मुलींना त्यात शंका घेण्यासारखे काही वाटले नाही. कित्येकींनी गंमत म्हणून नखे आणि दातही त्या रंगाने रंगविले. रात्री घरी परतताना त्यांचे कपडे आणि केस अंधारात चमकत असत.

त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेतील रसायनतज्ज्ञ मात्र शिशाचे पडदे आणि चिमटे वापरूनच रेडियम हाताळीत होते. पुढील सर्व वादाचे मूळ या एका गोष्टीत आहे.

रेडियमचे रासायनिक गुणधर्म कॅल्शियमशी मिळतेजुळते असल्याने शरीर ते हाडांत साठविते. त्यातून निघणारे अल्फा कण बाहेरून त्वचाही भेदू शकत नाहीत, परंतु हाडांत बसलेले रेडियम सभोवतालच्या पेशी आतूनच नष्ट करीत राहते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे. प्रारंभी दात दुखत, ते काढल्यावर जखम भरून येत नसे आणि नंतर जबड्याचे हाड झिजून तुटू लागे. मॉली मॅगिया ही कामगार १९२२ साली अशाच यातना सोसून मरण पावली. मृत्यूचे कारण म्हणून 'उपदंश' या गुप्तरोगाची नोंद करण्यात आली.

आजारी मुलींची संख्या वाढल्यावर १९२४ साली कंपनीनेच हार्वर्ड विद्यापीठाचे सेसिल ड्रिंकर यांच्याकडे चौकशी सोपविली. त्यांनी रेडियमकडे बोट दाखविताच कंपनीने अहवाल दाबून ठेवला आणि राज्याच्या श्रम विभागाला कामगार सुदृढ असल्याचे कळविले. वैद्यकीय अधिकारी हॅरिसन मार्टलँड यांनी १९२५ साली मुलींच्या शरीरातील किरणोत्सर्ग मोजून आजाराचे कारण सिद्ध केले.

कारण सिद्ध झाले, तरी कायदा मुलींच्या बाजूने नव्हता. न्यू जर्सीत इजेनंतर दोन वर्षांच्या आत दावा दाखल करणे बंधनकारक होते आणि रेडियमची बाधा दिसू लागेपर्यंत ती मुदत बहुधा उलटून गेलेली असे. ग्रेस फ्रायर हिला वकील मिळविण्यासाठीच सुमारे दोन वर्षे लागली. अखेर १९२७ साली रेमंड बेरी या तरुण वकिलाने तिच्यासह पाच जणींचा खटला चालविण्यास घेतला. आजाराचे कारण कळले त्या दिवसापासून मुदत मोजावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच वर्षी मॉलीचे शव उकरून तपासण्यात आले. उपदंशाचा मागमूसही आढळला नाही. हाडे मात्र किरणोत्सर्गी होती. खटला लांबणीवर टाकण्यात आल्यावर, तोवर या मुली जगतील काय, असा प्रश्न वृत्तपत्रांनी उपस्थित केला. जून १९२८ मध्ये तडजोड झाली. प्रत्येकीला १०,००० डॉलर रोख, वर्षाला ६०० डॉलर आणि उपचारांचा खर्च देण्याचे ठरले. कंपनीने दोष मान्य केला नाही. रंगाचे एक जनक डॉ. सेबिन फॉन सोचोकी यांचाही त्याच वर्षी किरणोत्सर्गाच्या बाधेने मृत्यू झाला.

तडजोडीमुळे कायद्याचा प्रश्न मात्र अनिर्णीत राहिला. इलिनॉय राज्यातील ओटावा शहरात 'रेडियम डायल' कंपनीने कामगारांची वैद्यकीय तपासणी केली होती, पण निष्कर्ष त्यांच्यापासून लपविले आणि वृत्तपत्रांत जाहिरात देऊन काम सुरक्षित असल्याची ग्वाही दिली. तेथील कॅथरीन डोनोह्यू हिने १९३८ साली औद्योगिक आयोगापुढे साक्ष दिली. ती सुनावणीतच कोसळल्याने पुढील साक्ष घरी, तिच्या अंथरुणापाशी नोंदविण्यात आली. निकाल तिच्या बाजूने लागला. त्याच वर्षी जुलैमध्ये तिचे निधन झाले, तरी कंपनीची अपिले सुरूच होती. १९३९ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिल्यावर तो निकाल कायम झाला.

या स्त्रियांच्या तपासणीतून मिळालेल्या माहितीच्या आधारे १९४१ साली शरीरातील रेडियमची सुरक्षित मर्यादा ०.१ मायक्रोग्रॅम ठरविण्यात आली. अणुबाँब प्रकल्पातील प्लुटोनियमविषयक सुरक्षा नियमांनाही तिचाच आधार मिळाला. घड्याळांतून रेडियम कालांतराने हद्दपार झाले. आपल्याकडे वाहनांच्या चमकत्या पट्ट्यांना आजही 'रेडियम' म्हणतात, पण त्या केवळ प्रकाश परावर्तित करतात. त्यांत रेडियम नसते.

ओटावा येथील कारखान्याची इमारत १९६८ साली पाडण्यात आली. तिचा राडारोडा शहरात ठिकठिकाणी भराव म्हणून वापरला गेला आणि तेथील किरणोत्सर्गी माती उपसण्याचे काम पुढे अनेक दशके करावे लागले.