शून्य पिढी आणि वंशाची वही

संगणकीय खेळात कुत्र्यांचा एखादा वंश 'शून्यातून' उभारणे, या विषयाचा मराठीच्या अभ्यासकाशी काही संबंध असेल असे प्रथमदर्शनी वाटणार नाही. परंतु मुंबईच्या उपनगरांत वाङ्मयेतिहास शिकवणाऱ्या आम्हां काही अध्यापकांना या खेळात आपल्याच विषयातला एक जुना प्रश्न दडलेला दिसतो. वंशाचा आरंभ नेमका कुठे होतो, आणि तो ठरवतो कोण?

प्रथम खेळाविषयी थोडेसे. १९९५ साली पी. एफ. मॅजिक या अमेरिकी कंपनीने 'डॉग्झ' हा खेळ बाजारात आणला. पडद्यावरच्या कुत्र्याला खाऊपिऊ घालायचे, खेळवायचे, शिकवायचे, एवढेच त्याचे आरंभीचे स्वरूप होते. १९९६ साली स्टीव्ह ग्रँड यांच्या 'क्रीचर्स'ने काल्पनिक प्राण्यांना जनुके दिली आणि ती पुढच्या पिढीत उतरू लागली. पुढे कुत्र्यांच्या खेळांतही पैदास आली. अशा खेळात नवा वंश सुरू करणारा प्रथम एक नर आणि एक मादी घेतो. या दोघांना आईबाप नसतात. खेळाने ती यदृच्छेने घडवलेली असतात. त्यांची पिढी शून्य. त्यांच्या पिल्लांतून हव्या त्या रंगाची, हव्या त्या कानांची पिल्ले राखायची, उरलेली विकायची किंवा पुसून टाकायची. असे करत सात-आठ पिढ्यांनी 'आपला' म्हणावा असा वाण तयार होतो. अप्रभावी जनुक दोन्हीकडून आले तरच गुण दिसतो, हा मेंडेलने १८६६ साली मांडलेला नियम शाळकरी मुले इथे खेळता खेळता शिकतात.

हवा तो गुण लवकर पक्का करायचा तर सोपा मार्ग म्हणजे जवळच्या नात्यात जोड्या लावणे. त्याची किंमत मोजण्याची रीत स्यूअल राइट या शास्त्रज्ञाने १९२२ साली दिली. सख्ख्या भावंडांच्या पिल्लाचा अंतःप्रजनन गुणक ०.२५, सावत्र भावंडांच्या पिल्लाचा ०.१२५. गुणक जितका वाढेल तितके दडलेले दोष वर येण्याची शक्यता वाढते. या हिशेबात ज्यांचे आईबाप ठाऊक नाहीत अशा मूळ प्राण्यांचा गुणक शून्य धरतात. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. हे शून्य 'नाते नाही' असे सांगत नाही. 'नात्याची नोंद नाही' एवढेच सांगते. खेळात या दोन गोष्टी एकच असतात, इतिहासात त्या कधीच एक नसतात.

नोंदीचे हे शून्य खेळाने प्रत्यक्ष जगातूनच उचलले आहे. इंग्लंडमध्ये १८५९ साली न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे पहिले प्रदर्शन भरले, १८७३ साली केनेल क्लब स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी त्याची पहिली वंशनोंदवही निघाली. त्या वहीत ज्यांची नावे आली त्या कुत्र्यांना आजेपणजे अर्थातच होते. पण वही उघडली तो दिवस वंशाचा पहिला दिवस ठरला. शुद्धतेचा अर्थही बदलला. जो वहीत आहे तो शुद्ध, जो बाहेर आहे तो 'साधा'.

आता आपल्या मुलखाकडे वळू. मराठवाड्यापासून उत्तर कर्नाटकापर्यंतच्या कोरड्या माळांवर एक सडपातळ, लांब पायांचा, अतिशय वेगवान शिकारी कुत्रा पाळला जातो. लातूर भागात त्याला कारवान म्हणतात. व्यापारी तांड्यांबरोबर तो आला, असे हे नाव सुचवते. कृष्णेच्या दक्षिणेस तोच मुधोळ हाउंड होतो. आजही केनेल क्लब ऑफ इंडिया त्याची नोंद कारवान म्हणून करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ म्हणून. एकच कुत्रा, दोन वह्या, दोन नावे.

'मुधोळ' या नावामागे मुधोळ संस्थानचे मराठा राजे मालोजीराव घोरपडे आहेत. प्रचलित वृत्तांत असा की, परिसरातील बेरड शिकारीसाठी वापरत असलेले कुत्रे राजांच्या नजरेत भरले. त्यांनी त्यांतून निवडक जोड्या लावून वाण स्थिर केला आणि विलायतेत पंचम जॉर्ज बादशहांना एक जोडी भेट दिली. या भेटीचे साल सांगणाऱ्यागणिक बदलते. बादशहा २० जानेवारी १९३६ रोजी निवर्तले, तेव्हा त्यानंतरचे कोणतेही साल बाद ठरते. पण असा घोळ वंशकथांत नेहमीचाच. पुढे ९ जानेवारी २००५ रोजी भारतीय टपाल खात्याने चार देशी श्वानवंशांवर तिकिटे काढली. त्यांत मुधोळ हाउंडही होता. वाणाची प्रतिष्ठा पूर्ण झाली.

आमच्या दृष्टीने या कथेतला सर्वांत महत्त्वाचा शब्द 'बेरड' हा आहे. कन्नडमध्ये ज्यांना बेडर म्हणतात त्या या जमातीची ओळख मराठी वाचकाला भीमराव गस्ती यांच्या 'बेरड' या आत्मकथनामुळे आहे. १८५७ च्या नोव्हेंबरात मुधोळ संस्थानातल्याच हलगली गावच्या बेडरांनी शस्त्रबंदीच्या कायद्याविरुद्ध उठाव केला. तो मोडून काढून अनेकांना फाशी देण्यात आले. १८७१ साली, म्हणजे केनेल क्लबच्या दोनच वर्षे आधी, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता, पुढे मुंबई इलाख्यातही आला. १९५२ साली तो रद्द झाला. बेरडांचे नाव आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे.

म्हणजे एकाच साम्राज्याच्या छायेत दोन वह्या लिहिल्या जात होत्या. एकीत कुत्र्याचे नाव चढले की त्याचे मोल वाढत होते. दुसरीत माणसाचे नाव चढले की तो जन्मतःच संशयित ठरत होता. दोन्ही वह्यांचा आधार एकच : गुण रक्तातून उतरतो हा विश्वास. ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या वेगवान पिल्लू निवडले, खंगलेले बाजूला काढले, माळावर त्याची परीक्षा पाहिली, त्या हातांचे पैदासशास्त्र कुठल्याच वहीत आले नाही. राजांचे श्रेय आम्ही नाकारत नाही. निवड, सातत्य आणि आश्रय हे खरे काम आहे. पण ते शून्यातून झाले नाही.

हा प्रश्न आमच्या परिसरालाही परका नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सारी साष्टी बेटावरची ठिकाणे. या बेटाची आणि उत्तर कोकणाची वंशकथा सांगणारी 'महिकावतीची बखर' वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केली. बिंब राजाबरोबर आलेली सोमवंशी, सूर्यवंशी, शेषवंशी कुळे आणि त्यांना मिळालेल्या वृत्ती तीत आहेत. राजा आला, कुळे आली, येथून प्रारंभ. पण राजा येण्याआधी येथे कोणीच नव्हते काय? साष्टीच्याच डोंगरातली कान्हेरीची लेणी बिंबाच्या हजारभर वर्षे आधीपासून खोदली जात होती. बखरीचे शून्य हेही बखरकाराचे शून्य आहे.

उपनगरांतल्या गल्ल्यांत फिरणाऱ्या बेवारस कुत्र्याला आपण 'गावठी' म्हणतो. इंग्रजीत त्याला 'परिया' म्हणत आले आहेत, आणि तो शब्द तमिळनाडूतील परैयर या जातीच्या नावावरून आला आहे. माणसांची उतरंड कुत्र्यांच्या नावात कशी उतरते, याचा याहून उघड पुरावा नको.

तेव्हा मोबाइलवर 'शून्य पिढी'ची जोडी निवडणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही खेळू नका असे सांगणार नाही. पडद्यावरच्या त्या दोन कुत्र्यांना खरोखरच पूर्वज नसतात, आणि जगात ही सवलत फक्त त्यांनाच आहे. मात्र तोच विद्यार्थी उत्तरपत्रिकेत 'आद्य कवी', 'पहिली कादंबरी', 'प्रवर्तक' हे शब्द लिहील तेव्हा त्याने एवढे विचारावे : ही वही कोणी उघडली, आणि ती उघडण्यापूर्वी हे पिल्लू कोणाच्या दारात वाढत होते?