बोरघाट आणि तापलेली मोटार

मुंबईहून पुण्याकडे निघालेली मोटार खोपोलीपर्यंत जवळजवळ सपाटीवरून धावते आणि तिथून थोड्याच अंतरात सुमारे ५०० मीटर वर चढते. या चढावर गाडी तापते त्याला एकच एक कारण नसते. गिअर खालचा असतो, इंजिनाचे फेरे वाढलेले असतात आणि वेग मंदावलेला असतो. म्हणजे उष्णता भरपूर तयार होते आणि ती वाहून नेणारी हवा रेडिएटरला कमी मिळते. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा पश्चिमेकडून, म्हणजे चढणाऱ्या गाडीच्या पाठीमागून वाहतो. त्यामुळे समोरून मिळायची ती झुळूकही हरवते. शिवाय खंडाळ्याच्या उंचीवर पाणी शंभर अंशांच्या दीड-दोन अंश आधीच उकळते. फरक किरकोळ आहे, पण आधीच काठावर आलेल्या रेडिएटरला तेवढा पुरतो.

घाटाचा हा त्रास मोटारीच्या आधीपासूनचा. १८३० पूर्वी इथे चाकाची वाहतूक नीट होतच नसे. माल बैलांच्या पाठीवरून उतरे आणि माणसे पालखीतून. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १० नोव्हेंबर १८३० रोजी घाटाचा गाडीरस्ता खुला केला. त्यानंतर बैलगाड्या आणि घोडागाड्या चढू लागल्या, पण जादा जनावरे जुंपूनच. १८६३ मध्ये रेल्वे घाट चढली तीही मागून रेटा देणारी इंजिने लावून. कर्जतला गाडीमागे बँकर लागतात ते आजही. जादा बळ बाहेरून आणायची सोय अशी सर्वांना होती. मोटारीला मात्र स्वतःच्याच इंजिनावर चढायचे होते आणि स्वतःचेच पाणी उकळवायचे होते.

सुरुवातीच्या मोटारींत पाणी उकळणे हा बिघाड मानलाच जात नसे. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत इंजिनाभोवतीचे पाणी वाफ होऊन उडून जाई आणि तेवढे पुन्हा भरावे लागे. १८८८ मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेली, तेव्हा वाटेत जिथे मिळेल तिथे पाणी भरत गेली. विल्हेल्म मायबाखने मर्सिडीजच्या ३५ अश्वशक्तीच्या गाडीसाठी मधमाशांच्या पोळ्याच्या धाटणीचा रेडिएटर केला आणि चित्र पालटले. सुमारे ८ हजार बारीक चौकोनी नळ्यांमधून हवा खेळायची आणि अवघ्या ९ लिटर पाण्यावर इंजिन थंड राहायचे. १९०८ ची फोर्ड मॉडेल टी याहून साधी. पहिल्या काही गाड्या सोडल्या तर तिला पाण्याचा पंपच नव्हता. गरम पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड झाले की खाली उतरते, एवढ्या नियमावर तिचे सारे चाले. सपाट रस्त्यावर हे भागत असे. लांब चढावर पाण्याची पातळी जरा खाली गेली, की हे फिरणे थांबे आणि झाकणातून वाफेचा फवारा उठे.

म्हणून त्या काळातल्या चालकाचे एक अंग पाणक्याचे होते. गाडीच्या पुढच्या बंपरला किंवा बाहेरच्या बाजूला कॅनव्हासची छागळ टांगलेली असे. कापडातून झिरपणारे पाणी वाऱ्यावर सुकत राही आणि आतले पाणी गार ठेवी. तेच पिण्याला आणि तेच रेडिएटरला. अमेरिकेच्या वाळवंटी रस्त्यांवर अशाच पिशव्या टांगून मोटारी धावत होत्या. तापमान कळण्यासाठी १९१० च्या दशकात रेडिएटरच्या टोपणावर बसणारा बॉइस मोटोमीटर आला. त्यातला लाल द्रव काचेआड वर चढताना चालकाला आपल्या जागेवरूनच दिसे. टोपणातून आत जाणारे हे यंत्र पाण्याचे नव्हे, त्याच्यावरच्या वाफेचे तापमान मोजत असे. त्यामुळे पाणी पुरते आटले की त्याचा भरवसा राहत नसे.

घाटातली रीत ठरलेली होती. खोपोलीला थांबून पाणी भरायचे, चढताना काटा वर गेला की कडेला घ्यायचे, बॉनेट उघडायचे आणि वाट पाहायची. घाईघाईने टोपण उघडणाऱ्याचे हात भाजत. म्हणून टोपणावर ओले गोणपाट टाकून ते आधी अर्धा आटा सैल करायचे, वाफ जाऊ द्यायची आणि मग उघडायचे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतले की बिडाच्या हेडला तडा जाई. म्हणून इंजिन हळू चालू ठेवून थोडेथोडे पाणी सोडायचे, हे जुना ड्रायव्हर नव्याला पहिल्याच फेरीत सांगे. घाटातल्या शिंगरोबाच्या देवळापाशी गाड्या थांबतात, चालक नाणे टाकून पुढे जातात. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या आणि त्यापायी जीव गमावलेल्या धनगराचे हे ठाणे, असे सांगतात. श्रद्धेचा भाग निराळा. तेवढ्या थांब्यात इंजिन जरा निवते, हाही लाभ काही कमी नव्हता.

थांबूनही गाडी सुरू झाली नाही तर ओढून नेण्याचा प्रश्न येई. मोटारी पुष्कळ आणि त्या ओढण्याची साधने जनावरांची, अशी विसंगती जगभर बरीच वर्षे टिकली. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावच्या अर्नेस्ट होम्स या गॅरेजवाल्याने १९१६ मध्ये आपल्या जुन्या कॅडिलॅकवर तीन खांब, कप्पी आणि साखळी बसवून ओढगाडी तयार केली. ओढ्यात पडलेली एक मोटार माणसे लावून बाहेर काढताना झालेल्या हालांतून त्याला ही कल्पना सुचली. ब्रिटनमध्ये १९०५ साली स्थापन झालेली ऑटोमोबाइल असोसिएशन आधी पोलिसांच्या वेगसापळ्यांपासून मोटारवाल्यांना सावध करण्यासाठी होती. रस्त्यावरची दुरुस्ती तिच्याकडे हळूहळू आली. मुंबईत १९१९ मध्ये वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन निघाली, तीही मोटारमालकांचा संघ म्हणून. घाटात मात्र अडल्या गाडीचा खरा आधार होता तो मागून येणारा ट्रक आणि काथ्याचा दोर. ड्रायव्हरांच्या बोलीत याला टोचन म्हणतात. दोर बांधायचा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची आणि पुढच्याच्या ब्रेककडे डोळा ठेवायचा. त्या गाड्यांचे ब्रेक आणि स्टिअरिंग इंजिनाच्या मदतीवाचून चालत, त्यामुळे बंद गाडीही हाताला तशीच लागे. हा फायदा पुढच्या पिढीतल्या गाड्यांना राहिला नाही.

मोटारीच्या आयुष्याला देशातली धोरणेही वळण देत होती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता. स्वातंत्र्यानंतर सरकारने देशी उत्पादनाचा आग्रह धरला आणि १९५० च्या दशकाच्या मध्याला अशा परदेशी जोडणी कंपन्या निघून गेल्या. मग मैदानात उरली ती मुख्यतः वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची कुर्ल्याची फियाट आणि हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसडर. गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. अशी मिळालेली गाडी तापली म्हणून कोणी टाकून देत नसे. ती दुरुस्त होई, पुन्हा तापे आणि पुन्हा दुरुस्त होई.

या गाड्यांत पंखा आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरत. पट्टा तुटला की दोन्ही बंद, आणि मिनिटांत काटा लाल खुणेवर. म्हणून डिकीत जादा फॅनबेल्ट, पाना आणि पाण्याचा कॅन असे. फियाटची आणखी एक खोड होती. उन्हात पेट्रोल पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची. पंपावर ओले फडके गुंडाळले की ती पाच-दहा मिनिटांत सुरू होई. मेकॅनिक मंडळींचा एक सरसकट उपाय मात्र चुकीचा होता: आपल्या हवेत त्याची गरज नाही म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे. त्यामुळे इंजिन बराच वेळ गरजेपेक्षा गार राही, पेट्रोल जास्त खाई आणि झिजे. तापणाऱ्या गाडीवर हा इलाज वर्षानुवर्षे चालला, कारण तापण्याचे खरे कारण बहुधा दुसरीकडे, रेडिएटरच्या नळ्यांत, असे.

ते कारण म्हणजे क्षार. विहिरीचे आणि बोअरचे जड पाणी पुन्हापुन्हा भरल्याने नळ्या आतून बुजत. या दुरुस्तीवर शहराशहरांत एक वेगळा धंदा उभा राहिला. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याकडे सुट्या भागांचे बाजार होते. गॅरेजांच्या वस्तीत रेडिएटरवाल्याचे एखादे दुकान असायचेच. तो तांब्या-पितळेचा रेडिएटर उतरवी, ब्लो-लॅम्पच्या ज्योतीने वरच्या टाकीचा डाख वितळवून ती सोडवी आणि एकेका नळीतून पातळ पट्टी खालपर्यंत सारून क्षार खरवडून काढी. टाकी पुन्हा झाळून झाली की तोंडे बंद करून आत हवा भरायची आणि रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवायचा. बुडबुडा जिथून निघेल तिथे खूण करायची, पुन्हा डाख द्यायचा. अगदीच फुटकी नळी निघाली तर ती दोन्ही टोकांना बुजवून टाकत. गाडी त्यानंतर चालायची, फक्त थंड होण्याची तिची क्षमता तेवढी कमी झालेली असायची. या कारागिरीची दखल मोटारीच्या इतिहासात क्वचित घेतली जाते. फियाट आणि अ‍ॅम्बॅसडर तीस-तीस वर्षे रस्त्यावर राहिल्या त्याचे बरेचसे श्रेय तिला आहे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हे जग बदलू लागले. तिचा पंखा विजेचा. पाणी तापले की आपोआप सुरू होणारा. उतू जाणारे पाणी बाजूच्या बाटलीत जमे आणि इंजिन निवले की परत आत ओढले जाई. दाबाचे टोपण मात्र त्याआधीच, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जगभर रूढ झाले होते. पाण्यावर साधारण एका वातावरणाइतका जादा दाब असला की ते १२० अंशांच्या आसपास उकळते. त्यात कूलंट मिसळले की आणखी वर. फायदा उघड आहे आणि धोकाही. अशा गाडीचे टोपण गरम असताना उघडले तर दाब जाताच आतले पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येते. ओले गोणपाट टाकून अर्धा आटा फिरवण्याची जुनी युक्ती इथे धोक्याची आहे. अर्धा तास थांबणे हाच उपाय. पुढे रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचे आणि टाक्या प्लास्टिकच्या झाल्या, डाख देण्याजोगे काही उरले नाही. गळका रेडिएटर आता बदलला जातो. इंजिनाचे हेडही अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने तापल्यावर ते वाकते, गास्केट जाते आणि पाणी तेलात मिसळते. जुनी गाडी वारंवार तापून थोडक्यात सुटे. नवी क्वचित तापते, पण तापली की महागात पडते.

ओढून नेण्याचे नियमही याच काळात लिखित झाले. रस्त्यावरील वाहतुकीच्या १९८९ च्या नियमांनुसार ओढणाऱ्या आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीतले अंतर ५ मीटरपेक्षा जास्त आणि वेग ताशी २४ किलोमीटरपेक्षा जास्त नको होता. मागच्या गाडीवर ती ओढली जात असल्याची पाटी हवी होती. २०१७ मध्ये या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. पण दोराचे टोचन मागे पडले ते नियमांपेक्षा गाड्यांमुळे. इंजिन बंद पडले की पॉवर ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात, चावी काढली तर स्टिअरिंग कुलूपबंद होते, आणि ऑटोमॅटिक गाडी चाके जमिनीवर ठेवून लांब ओढली तर गिअरबॉक्स जातो. म्हणून उचलून नेणारी क्रेन आली आणि नंतर अख्खी गाडी पाठीवर घेणारा फ्लॅटबेड.

२००२ मध्ये पूर्णपणे खुल्या झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर क्रेन आणि गस्तीची गाडी ही रस्त्याच्याच व्यवस्थेचा भाग झाली. राष्ट्रीय महामार्गांवर त्यासाठी १०३३ हा क्रमांक आहे. घाटाचा तिढा मात्र सुटला नाही. खंडाळ्याजवळ जुन्या आणि नव्या रस्त्याची वाहतूक एकत्र येते. १८३० मध्ये बांधलेल्या अमृतांजन पुलाचे खांब इथे रस्ता अरुंद करत होते. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत तो पाडला गेला. तरीही जोडून आलेल्या सुट्यांना रांगा लागतात, आणि एसी लावून चढावर तासभर क्लच दाबत सरकणारी गाडी आजही तापते. साताऱ्याकडच्या खंबाटकी घाटात मे महिन्यात हेच घडते. तिथे बंद पडलेली एक गाडी मागच्या दहांना तापवते, कारण त्यांना थांबून निवायलाही जागा उरत नाही.

विम्याच्या बाबतीत बहुतेकांचा समज अजून चुकीचा आहे. गाडीच्या साध्या विम्यात अपघातानंतर ओढून नेण्याचा मर्यादित खर्च मिळतो, पण यांत्रिक बिघाड त्यातून वगळलेला असतो. म्हणजे तापून जाम झालेल्या इंजिनाचे पैसे मिळत नाहीत. घाटातून फ्लॅटबेडने नेण्याचा खर्च हवा असेल तर रस्त्यावरील मदतीची जादा जोडणी घ्यावी लागते. काटा वर चढलेला असताना ‘लोणावळ्यापर्यंत तरी नेऊ’ म्हणून गाडी दामटणे हा त्या खर्चापेक्षा कितीतरी महाग सौदा आहे.