क्वांटम हायड्रोडायनॅमिक्स म्हणजे काय? असंख्य कणांचा हिशोब मोजक्या आकड्यांत

क्वांटम कॉम्प्युटरबद्दल वाचताना ‘क्यूबिट’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. ३० क्यूबिटची संपूर्ण स्थिती साध्या कॉम्प्युटरवर साठवायची तर साधारण १६ जीबी मेमरी लागते. पुढे प्रत्येक क्यूबिटमागे ती दुप्पट होते. ५० क्यूबिटला सुमारे १ कोटी ६८ लाख जीबी, म्हणजे १२८ जीबीचे सव्वा लाखाहून जास्त फोन! मग हजारो कण एकमेकांवर आदळत असताना पुढे काय होणार, हे सांगायचं कसं? त्यासाठी शास्त्रज्ञ प्रवाहाचं गणित वापरतात. त्यालाच हायड्रोडायनॅमिक्स म्हणतात.

ट्रॅफिकवरून समजून घेऊ

चिकलठाण्याहून क्रांती चौकाकडे जाणारा जालना रोड घ्या. एमआयडीसीतली शिफ्ट सुटली की गर्दी मुकुंदवाडीकडे कशी सरकेल, हे सांगायला प्रत्येक गाडीचा नंबर लागत नाही. दोनच गोष्टी लागतात: रस्त्याच्या एका तुकड्यात गाड्या किती आहेत आणि तेवढ्या गर्दीत मिनिटाला किती गाड्या पुढे जातात. गाडी हवेत गायब होत नाही. म्हणून आत आलेल्यांतून बाहेर गेलेल्या वजा केल्या की त्या तुकड्यातली वाढ मिळते.

क्वांटम कणांचंही तसंच आहे. ऊर्जा किंवा कणांची संख्या एकूण तेवढीच राहते, फक्त जागा बदलते. बाकीचा बारीक तपशील कणांच्या आपसातल्या गुंत्यात लवकर विरून जातो. प्रत्येक छोटा भाग आधी आपल्यापुरता स्थिरावतो, पूर्ण पदार्थाला मात्र बराच वेळ लागतो. या मधल्या काळाचं वर्णन हायड्रोडायनॅमिक्स करतं.

पसरण्याचा वेग

वेळ ८ पट झाला तर एखादी गोष्ट किती लांब पसरेल? अडथळा नसेल तर ८ पट. पाण्यातल्या शाईसारखी धडकत, वळत गेली तर फक्त २.८ पट. काही क्वांटम चुंबकीय साखळ्यांमध्ये मात्र उत्तर ४ पट येतं. याला केपीझेड प्रकारचं पसरणं म्हणतात.

स्थिरावायला तयार नसलेले अणू

२००६ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात डेव्हिड वाइस यांच्या टीमने रुबिडियमचे थंड अणू लेझरच्या साहाय्याने एका रेषेत बांधले आणि एकमेकांवर सोडले. हजारो टकरी झाल्या, तरी ते नेहमीसारखे स्थिरावले नाहीत. कारण अशा प्रणालीत न बदलणाऱ्या राशी दोन-तीन नसतात, असंख्य असतात. त्या सगळ्यांचा हिशोब ठेवणारं ‘जनरलाइज्ड हायड्रोडायनॅमिक्स’ २०१६ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडलं. २०१९ मध्ये फ्रान्समधल्या प्रयोगात ते अणूंवर तपासलं गेलं आणि जुळलं.

मुंबईचं योगदान

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शिराज मिनवाला आणि सायंतनी भट्टाचार्य यांनी ब्रिटनमधल्या दोन सहकाऱ्यांसोबत २००८ मध्ये एक महत्त्वाचा पेपर प्रसिद्ध केला. घट्ट बांधलेल्या काही क्वांटम प्रणालींचं गणित एक मिती जास्त असलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या भाषेत लिहिता येतं. या चौघांनी आइनस्टाइनच्या समीकरणांतून पायरीपायरीने द्रवाच्या प्रवाहाची समीकरणं काढून दाखवली. थोडक्यात, एका बाजूला कृष्णविवराचं क्षितिज हलतं, दुसऱ्या बाजूला द्रव वाहतो आणि गणित एकच!

मग प्रश्न सुटला का?

नाही. २०२४ मध्ये गुगलच्या टीमने ४६ क्यूबिटवर अशीच चुंबकीय साखळी चालवली. सरासरी पसरणं केपीझेडशी जुळलं, पण चढ-उतारांचा तपशील जुळला नाही. म्हणजे नुसती सरासरी बरोबर आली म्हणून सिद्धांत बरोबर ठरत नाही. शिवाय अगदी सुरुवातीच्या क्षणी किंवा मोजके कण असतील तर हे गणित लागू पडत नाही. एका रस्त्यावर तीनच गाड्या असतील तर त्याला ट्रॅफिक कोण म्हणेल?

तरी याचा उपयोग मोठा आहे. क्वांटम कॉम्प्युटरचं उत्तर साध्या कॉम्प्युटरवर पडताळता येत नाही, तेव्हा ते निदान प्रवाहाच्या नियमांत बसतं का, हे नक्की बघता येतं.