सात डॉलरांचा मुशाहिरा

पलटणींचे इतिहास लिहिणारे बहुधा लढायांच्या वर्णनात रमतात. अमेरिकेच्या यादवी युद्धातील चोपन्नाव्या मॅसॅच्युसेट्स स्वयंसेवक पायदळाची हकीकत सांगणाऱ्याला मात्र आधी खजिनदाराची वही उघडावी लागते.

गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांच्या आग्रहावरून 1863 च्या आरंभी बोस्टननजीक रेडव्हिलच्या छावणीत ही पलटण उभी राहिली. शिपाई कृष्णवर्णीय, अंमलदार गोरे. कृष्णवर्णीयांचे पुढारी फ्रेडरिक डग्लस यांनी भरतीसाठी वाणी झिजविली आणि आपले दोन पुत्रही तिच्यात धाडले. भरतीच्या वेळी गोऱ्या शिपायाइतका, दरमहा 13 डॉलरांचा मुशाहिरा कबूल झाला होता; परंतु वाटपाची वेळ येताच, खंदक खणणाऱ्या मजुरांना मुख्यतः डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या 1862 च्या कायद्यावर बोट ठेवून, आफ्रिकी वंशाच्या शिपायास 10 डॉलर व त्यांतून कपड्यांपोटी 3 वजा, असा हिशेब सरकारने मांडला. ज्या अमेरिकी जनतेला जोतीराव फुल्यांनी पुढे 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ आदराने अर्पण केली, तिच्याच सरकारचा हा जमाखर्च!

पलटणीचा प्रमुख कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ याने या कपातीचा निषेध लेखी कळविला आणि थोड्याच दिवसांत, 18 जुलै 1863 च्या सायंकाळी, चार्ल्सटन बंदराच्या मुखाशी असलेल्या वॅग्नर किल्ल्यावर, वाळूच्या अरुंद पट्टीवरून चाल करून जाताना तो तटावर पडला. सुमारे 600 जणांपैकी 250 हून अधिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. शत्रूने शॉला त्याच्या शिपायांसमवेत एकाच चरात पुरले; देह तेथून हलवू नये, अशीच इच्छा त्याच्या पित्याने प्रकट केली.

जे वाचले त्यांनी सात डॉलरांना हात लावला नाही. घरी बायकामुलांचे हाल होत असताना, तोफांखाली खंदक खणीत, रात्रीचे पहारे देत, ही माणसे जवळजवळ दीड वर्ष बिनपगारी राहिली. मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या तिजोरीतून फरक भरून देऊ केला, तोही त्यांनी नाकारला, कारण प्रश्न सहा डॉलरांचा नसून दर्जाचा होता. आम्ही शिपाई की मजूर, असे कॉर्पोरल जेम्स हेन्री गूडिंग याने थेट लिंकन यांना पत्राने विचारले.

जून 1864 मध्ये समान वेतनाचा कायदा झाला खरा, पण भरतीच्या दिवसापासूनची पुरती थकबाकी युद्धारंभीच्या 19 एप्रिल 1861 रोजी जो स्वतंत्र होता, त्यालाच. पलटणीत तर दास्यातून पळून आलेलेही होते. तेव्हा शॉच्या मागून आलेल्या, क्वेकर घराण्यातील कर्नल हॅलोवेल याने स्वतंत्र असल्याबद्दल घ्यावयाच्या शपथेची शब्दयोजना अशी केली की, त्या दिवशी आपले श्रम फुकट घेण्याचा अधिकार कोणाही माणसाला नव्हता, एवढेच शपथकर्त्याने म्हणावे. आणि मनुष्याच्या कायद्याने काहीही म्हटले असो, हे तर प्रत्येकास निःशंक मनाने म्हणता येत होते. कारकुनी चातुर्याचा इतका सत्पात्री विनियोग दप्तरांच्या इतिहासात विरळाच.

सप्टेंबरच्या अखेरीस नावे पुकारून रकमा वाटल्या गेल्या. गूडिंग त्यावेळी हयात नव्हता. ओलस्टीच्या लढाईत शत्रूच्या हाती लागून तो जुलैतच अँडरसनव्हिलच्या बंदिशाळेत वारला होता.