हरिश्चंद्राची भाषांतरे

अकोले तालुक्याच्या दक्षिण सीमेवर हरिश्चंद्रगड उभा आहे. गडावरील हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिर-परिसरात चांगदेवांचा उल्लेख असलेले लेख आहेत. त्यांच्या 'तत्त्वसार' ग्रंथाशीही या गडाचे नाव जोडले जाते. म्हणजे मराठीत तत्त्वज्ञान सांगण्याची खटपट या डोंगरात सातशे वर्षांपूर्वीच झाली होती. गड ज्याच्या नावाने ओळखला जातो, त्या राजानेच पुढे भारतीय चित्रपटाला भाषेचा पहिला धडा दिला.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. चित्रपट मूक होता आणि प्रसंगांच्या मधे इंग्रजी-हिंदी मजकुराच्या पाट्या येत. त्या वाचू न शकणारे प्रेक्षक पुष्कळ होते, तरीही कथा कोणाला अडली नाही. कीर्तनातून, पुराणातून, आजीच्या तोंडून ती आधीच घरोघर पोचलेली होती. भाषांतराचे काम प्रेक्षकांच्या स्मरणशक्तीने केले.

स्वतः फाळक्यांचा अनुभव मात्र वेगळा होता. ख्रिस्ताच्या जीवनावरील परदेशी चित्रपट पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, असे त्यांनी 'नवयुग' मासिकात लिहिले आहे. परक्याची गोष्ट पाहून आपली गोष्ट आठवणे ही दोन संस्कृतींमधल्या संवादाची पहिली पायरी. परक्याची गोष्ट त्याची म्हणून समजून घेणे ही दुसरी, आणि तिथे भाषेवाचून भागत नाही.

चित्रपट बोलू लागला तेव्हा ही अडचण उघडी पडली. १९३२ साली 'प्रभात'ने हरिश्चंद्राचीच कथा पुन्हा घेतली आणि ती मराठीत 'अयोध्येचा राजा', हिंदीत 'अयोध्या का राजा' अशी दोनदा चित्रित केली. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांनी राजा-राणीच्या भूमिका दोन्ही भाषांत केल्या. मागाहून आवाज चिकटवण्यापेक्षा हे फार खर्चिक काम होते, पण त्यात नटाचे ओठ, श्वास आणि शब्द एकजीव राहत. कोल्हापुरात सुरू झालेली 'प्रभात' १९३३मध्ये पुण्यात आली. तिच्या 'संत तुकाराम'चा १९३७च्या व्हेनिस महोत्सवात गौरव झाला.

'प्रभात'च्याच जागेवर १९६०मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. १९६४मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. पी. के. नायर यांनी तिथे जगभरचे चित्रपट जमवले आणि सतीश बहादूर यांनी चित्रपटाचा रसास्वाद हा शिकवण्याचा विषय केला. त्याच शहरात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत पुणे विद्यापीठ फ्रेंच, जर्मन, रशियन, जपानी शिकवत आले. वृत्तपत्रविद्येचे वर्गही अनेक वर्षे तिथेच भरत. भाषा, चित्रपट आणि संज्ञापन या तिन्ही विद्या एका शहरात नांदल्या, पण त्यांचा एकत्र संसार झाला नाही. जागतिक चित्रपट मराठी विद्यार्थ्यापुढे आला तो बहुतेक इंग्रजी उपशीर्षकांसह.

वाट नव्हती असे नाही. कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातील हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या 'नीनासम'ने नायर आणि बहादूर यांच्या मदतीने गावकऱ्यांसाठी रसास्वाद शिबिरे घेतली, जागतिक चित्रपट दाखवले आणि त्यांची चर्चा कन्नडमध्ये केली. मराठीही या कामाला असमर्थ नाही. अरुण खोपकरांच्या 'चलत्-चित्रव्यूह'ला २०१५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चित्रपटाचा सूक्ष्म विचार पेलणारे गद्य आपल्याकडे आहे. पडद्याच्या तळाशी येणाऱ्या दोन ओळी मात्र नाहीत.

या दोन ओळींत काय हरवते, हे यासुजिरो ओझूच्या 'टोकियो स्टोरी'वरून (१९५३) कळते. म्हातारे आईवडील शहरातल्या मुलांकडे येतात. मुले आपापल्या व्यापात असतात आणि आस्थेने विचारपूस करते ती विधवा सून. जपानीत आदराच्या पायऱ्या आहेत; सासू-सासऱ्यांशी बोलताना सुनेची अदब शब्दाशब्दांत जाणवते. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. मराठीकडे 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' आहेत. जपानीतून थेट मराठीत आलेली सून सासऱ्यांना काय म्हणेल, 'बाबा' की 'मामंजी', हे ठरवतानाच भाषांतरकाराला दोन्ही कुटुंबव्यवस्था तपासाव्या लागतील. याहून चांगला अभ्यासक्रम कोणता?

उपशीर्षक म्हणजे संक्षेप. ओळी दोनच आणि वाचायला वेळ काही सेकंदांचा. विद्यापीठातील भाषांच्या विद्यार्थ्यांना दर वर्षी एकेका चित्रपटाचे हे काम देता येईल. अकोल्यातील महाविद्यालय याच विद्यापीठाशी संलग्न आहे. मुले नाशिक-पुण्याला आणि आईबाप गावी, ही स्थिती तिथल्या घरांना समजावून सांगावी लागत नाही. आदिवासी पट्ट्यातून येणाऱ्या महादेव कोळी आणि ठाकर मुलांना तर घरची बोली आणि वर्गातली मराठी यांच्यात रोज ये-जा करावी लागते. भाषांतर त्यांना नवे नाही.

१९१३च्या प्रेक्षकाला पाटी वाचता आली नाही, पण कथा ठाऊक होती. आजच्या विद्यार्थ्याला जगाच्या कथा ठाऊक नाहीत, आणि पाटी अजून इंग्रजीच आहे.