बडग्याचे सोंग

गुरुजनहो, अमेरिकेत 1989 साली ‘द सिम्पसन्स’ नावाची विनोदी चित्रमालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली. तिच्यात ‘ॲपल’ कंपनीचे ‘मॅपल’ होते. नाव जरासे वाकवले, की बड्या कंपनीची फजिती! पण हसतो कोण? ज्याला मूळ ठाऊक आहे तोच.

ही युक्ती आपल्या नागपुरास नवी नाही. मनीषनगरसारख्या नव्या वस्तीतल्या मुलांनी ती पाहायला तान्ह्या पोळ्याच्या दिवशी जुन्या शहरात जावे. तेथे काळी आणि पिवळी मारबत निघते. काळीची परंपरा 1881 पासूनची, पिवळीची 1885 पासूनची सांगतात. सोबत असतात बडगे. त्या वर्षी लोकांना जे सलले, त्याचे सोंग बडग्याला चढते. कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, तर 2025 साली अमेरिकेच्या जकातीवरून ट्रम्पसाहेब! शेवटी सारे जाळून टाकतात.

काळी मारबत म्हणजे बाकाबाई भोसले, असे लोक मानतात. 1857 साली बाकाबाईंनी आपले वजन इंग्रजांच्या बाजूने खर्चिले होते. मारबत निघाली त्यानंतर चोवीस वर्षांनी. पण लोकांचा राग विझला नव्हता.

मारबत दरवर्षी तीच, म्हणून तिची कथा टिकली. बडग्या मात्र दरसाल नवा. मूळ प्रसंग विसरला, की त्याचे सोंगही मुके होते. तेव्हा गुरुजी, एवढे कराच. प्रत्येक बडग्याचे नाव, साल आणि कारण मुलांकडून वहीत लिहून घ्या. लोकांना काय सलत होते, हे पुढच्यांना त्या वहीतून कळेल.